मालवणच्या किनाऱ्यावरून डाइव्हिंग आणि पाण्याखालचे छायाचित्रण : बेळगावकडच्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चंदगड या पट्ट्यातून मालवणला डाइव्हिंगसाठी जाणाऱ्यांची संख्या वाढली, तसे आमच्या लहानशा गटाकडे येणारे फोनही वाढले. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत येथे ठेवले आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बेळगावला समुद्रच नाही. मग ‘आपली’ डाइव्हिंगची जागा कोणती?

मालवण. शिनोळी, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ या रस्त्याने सकाळी लवकर निघाल्यास दुपारच्या जेवणाआधी तेथे पोहोचता येते. निपाणीकडची मंडळी आजऱ्यावरून आंबोलीला येतात किंवा फोंडा घाटाने उतरतात. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाभोवतीचे पाणी मालवणपेक्षा स्वच्छ असते हे खरे आहे. मात्र तेथे होडीशिवाय जाता येत नाही. पुढील उत्तरे किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरणाऱ्यांना समोर ठेवून लिहिली आहेत.

२. किल्ल्याजवळ होडीतून नेऊन पाण्यात उतरवतात, तेच का हे?

नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटकांना होडीने नेऊन करवली जाते, ती ओळख करून देणारी डाइव्ह असते. तीत प्रशिक्षक तुमच्या सिलिंडरला धरून असतो, खोली पाच-सहा मीटर असते आणि तुमचे काम श्वास घेण्यापुरते व मासे पाहण्यापुरते असते. किनाऱ्यावरच्या डाइव्हमध्ये पाठीवर सिलिंडर आणि कमरेला वजन घेऊन वाळूतून चालावे लागते, लाट ओलांडावी लागते, दिशा स्वतः राखावी लागते आणि निघालो तेथेच परत यावे लागते. म्हणून ती प्रमाणपत्र असलेल्यांनीच, जोडीदारासह आणि तेथील पाणी रोज पाहणाऱ्या स्थानिक मार्गदर्शकाबरोबर करावी.

३. प्रमाणपत्र कोठे मिळते? पोहता येत नसेल तर?

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. मालवण, गोवा आणि मुरुडेश्वर येथे खासगी प्रशिक्षकही आहेत. ओपन वॉटर या पहिल्या पायरीनंतर १८ मीटरपर्यंत आणि त्यापुढच्या पायरीनंतर ३० मीटरपर्यंत जाता येते. बहुतेक संस्था दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना कनिष्ठ वर्गात घेतात. अभ्यासक्रमासाठी पोहणे आवश्यक आहे. ओळखीच्या डाइव्हसाठी ते सक्तीचे नसते. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास डॉक्टरांची लेखी संमती घ्यावी. अर्जावर सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होणारे आम्ही पाहिले आहेत आणि पुढे पाण्यात त्यांची झालेली तारांबळही पाहिली आहे.

४. सराव राकसकोप किंवा हिडकल येथे केला तर?

करू नये. राकसकोपचे पाणी शहर पिते आणि अशा जलाशयांत परवानगीशिवाय उतरणे हा गुन्हा ठरू शकतो. शिवाय जलाशयाच्या तळाचा गाळ एकदा ढवळला, की स्वतःचा हातही दिसत नाही. तिसरी अडचण उंचीची आहे. किती खोलीवर किती वेळ राहावे हे सांगणारी डाइव्हिंगची नेहमीची कोष्टके समुद्रसपाटी गृहीत धरून केलेली असतात आणि साधारण ३०० मीटरपेक्षा उंच ठिकाणच्या पाण्यासाठी ती बदलून वापरावी लागतात; आपले सगळे जलाशय या मर्यादेच्या वर आहेत.

सरावासाठी शहरातला पोहण्याचा तलाव पुरेसा आहे. मात्र तलावात जुळवलेले वजन समुद्रात अपुरे पडते, कारण खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच-तीन टक्के जड असते आणि शरीराला अधिक उचलते. बहुतेकांना दोन किलोच्या आसपास जास्त वजन लागते. तलावातल्या अंदाजाने मालवणात गेलेला माणूस पृष्ठभागावर पाय झाडत राहतो आणि निम्मी हवा तेथेच संपवतो.

५. कोणत्या महिन्यात जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. मेअखेर जलक्रीडा बंद होतात, त्या पावसाळा ओसरल्यावर सुरू होतात आणि ऑक्टोबरात पाणी अजून गढूळच असते. पाण्यात पाच-सहा मीटरपर्यंत दिसले तर दिवस चांगला समजावा. अंदमानची चित्रे डोळ्यांसमोर ठेवून गेलेल्याची निराशा ठरलेली आहे.

६. दिवस आणि वेळ कशी ठरवायची? भरती-ओहोटीचे गणित कळत नाही.

कॅलेंडर भिंतीवर असेल तर गणित सोपे आहे. पंधरवड्यातल्या तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागले, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते, तर अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री अकरा-बाराच्या सुमारास. कोकणातल्या जलदुर्गांना जाणारे हा ठोकताळा वापरतातच. प्रत्यक्ष वेळ मात्र त्या बंदराच्या भरतीच्या कोष्टकातून पडताळून घ्यावी.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची चढउतार मोठी होते, ओढ वाढते आणि वाळू वर येते. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे भांगाच्या पाण्यात, ही ओढ सर्वांत कमी असते. या दोन गोष्टी एकत्र मांडल्या, की दशमी-एकादशी हाती येते. त्या दिवशी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान भरती पूर्ण होते, वारा अजून उठलेला नसतो आणि बाहेरचे स्वच्छ पाणी खडकांपर्यंत आलेले असते. कार्तिकी एकादशी तर मोसमातच येते. फक्त उपवास करणाऱ्यांनी निर्जळी राहून पाण्यात उतरू नये; शरीरात पाणी कमी असणे डाइव्हरला घातक असते.

७. पाण्यात नेमके कोठून आणि कसे शिरायचे?

चिवला किनाऱ्याच्या कडेचे खडक नवशिक्यांसाठी सोयीचे आहेत, कारण किनारा अर्धचंद्राकृती असल्याने लाट तुलनेने सौम्य असते. आधी दहा मिनिटे किनाऱ्यावर उभे राहून लाटा मोजाव्यात. मोठ्या लाटांचा घोळका गेल्यावर जी शांतता येते, त्या वेळात शिरावे. फिन (पायांत घालायचे रबरी पंख) हातात धरून कमरेएवढ्या पाण्यापर्यंत जावे, तेथे जोडीदाराच्या खांद्याचा आधार घेऊन ती चढवावीत आणि तेव्हापासून रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा देणारे साधन, तोंडातून काढू नये. वाळूत पाय घासत चालावे, म्हणजे वाळूखाली बसलेली वागळी दचकून निघून जाते. पाय उचलून टाकला तर तो नेमका तिच्यावर पडतो.

कोकणच्या किनाऱ्यावरचा एक धोका बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही, तो म्हणजे रापण. किनाऱ्यावरून समुद्रात अर्धवर्तुळ सोडलेले हे लांबलचक जाळे दोन्ही टोकांनी माणसे ओढत असतात. रापण लागलेली असेल तर त्या बाजूला डाइव्ह करू नये आणि शंका आल्यास रापणकरांना विचारावे. ते आधी हसतात, पण जागा नेमकी सांगतात. प्रत्येक जोडीजवळ नारिंगी बोया आणि जाळे कापण्यासाठी लहान सुरी असावी. सिलिंडर २०० बारला (बार हे हवेच्या दाबाचे माप) सुरू केला असेल तर १२५ बारला वळावे आणि किनाऱ्याला लागताना ५० बार शिल्लक असावेत.

८. पाण्याखाली कान दुखतात. काही उपाय?

नाक दाबून हलकी फुंकर मारणे हा नेहमीचा उपाय आहे. तो दुखू लागण्यापूर्वी आणि प्रत्येक अर्ध्या-एक मीटरला करावा. आपल्या भागातल्यांना याची चाचणी वाटेतच घेता येते. आंबोली घाट उतरताना कान बसतात आणि आवंढा गिळल्यावर मोकळे होतात. त्या साऱ्या घाटात जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात एक मीटर खाली जाण्याआधीच वाढलेला असतो. सर्दीमुळे घाटातच कान मोकळे होत नसतील, तर त्या दिवशी किनाऱ्यावर बसून इतरांचे फोटो काढावेत. सर्दीची गोळी घेऊन उतरू नये, कारण तिचा परिणाम पाण्याखालीच ओसरला तर वर येताना अडकलेली हवा बाहेर पडत नाही.

९. सकाळी दोन डाइव्ह करून संध्याकाळी बेळगावला परत आलो तर चालेल का?

चालणार नाही. आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारा आणि सर्वांत कमी वेळा पटणारा प्रश्न हाच आहे.

पाण्याखाली दाबाखालची हवा घेतल्यामुळे रक्तात आणि ऊतींत जादा नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तो कित्येक तास हळूहळू बाहेर पडत राहतो. या काळात भोवतालचा दाब आणखी कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सोड्याच्या बाटलीचे झाकण काढल्यावर होते तसेच. विमानप्रवासाआधी थांबण्याचा नियम सर्वांना ठाऊक असतो. आपण विमानाने जात नाही म्हणून तो आपल्याला लागू नाही, असा समज मात्र पसरलेला आहे. तो नियम सुमारे ६०० ते २४०० मीटर उंचीइतक्या दाबासाठी आहे. आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे आणि बेळगाव शहर सुमारे ७५० मीटरवर वसलेले आहे. म्हणजे आपण घरी पोहोचलो की या नियमाच्या कक्षेतच झोपतो. मुंबईच्या डाइव्हरला किनाऱ्यानेच घरी जाता येत असल्याने हा प्रश्न पडत नाही. तेथे शिकलेले प्रशिक्षक तो आपणहून सांगतीलच असे नाही.

थांबायचा कालावधी असा : डीकम्प्रेशनचे थांबे (नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना पाण्यातच घ्यायचे थांबे) न लागलेल्या एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एका दिवसात अनेक किंवा लागोपाठच्या दिवशी डाइव्ह केल्या असल्यास किमान १८ तास, थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बरेच जास्त. त्यामुळे शनिवारी सकाळी डाइव्ह, रात्री मालवणात मुक्काम आणि रविवारी दुपारी घाट, हा आमचा ठरलेला क्रम आहे. सुरमईचे ताट आणि सोलकढी समोर असताना मुक्काम कोणाला जड जात नाही. जड जाते ते सोमवारचे कार्यालय, आणि त्यापायी रविवारी सकाळी ‘शेवटची एक’ डाइव्ह करण्याचा मोह.

१०. पंधरा मिनिटांची ओळखीची डाइव्ह असेल तर? चोर्ल्यावरून आलो तर? नुसते स्नॉर्केलिंग केले असेल तर?

पाच मीटरवर पंधरा मिनिटे राहिल्याने शरीरात फारच थोडा नायट्रोजन साठतो आणि धोकाही त्याच प्रमाणात लहान असतो. तरीही डाइव्ह छोटी होती म्हणून नियमात वेगळी सवलत दिलेली नाही. आम्ही अशा पाहुण्यांनाही १२ तास थांबायला सांगतो, म्हणजे सकाळी नऊला पाण्याबाहेर आलेल्याने रात्री नऊनंतर घाट चढावा. रात्रीच्या घाटात धुके असते, हा मुक्काम करण्यासाठी आणखी एक मुद्दा.

चोर्ल्याने सुटका होत नाही. त्या वाटेवरचे कणकुंबी ७९० मीटरच्या आसपास, म्हणजे बेळगावहूनही थोडे उंच आहे. कोकणातून आपल्याकडे यायचे तर कोणता ना कोणता घाट चढावाच लागतो.

नुसते स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीतून वरची हवा घेत पृष्ठभागावर पोहणे, केलेल्याने दाबाखालची हवा घेतलेली नसते, त्यामुळे त्याला थांबण्याची गरज नाही. कुटुंबातल्या अशा एखाद्याला तातडीने परतायचे असेल तर त्याने एकट्याने जावे. गाडी तो चालवतो म्हणून बाकीच्यांनी तिच्यात बसू नये.

११. डाइव्हनंतर त्रास झाला तर बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात आणावे का?

आणू नये. सांधेदुखी, हातापायांना मुंग्या, बधिरपणा, चक्कर, अंगावर चट्टे किंवा असाधारण थकवा ही लक्षणे डाइव्हनंतर दिसली, तर रुग्णाला आडवे झोपवावे, शुद्ध ऑक्सिजन द्यावा आणि ११२ वर मदत मागावी. ओळखीचे डॉक्टर बेळगावात आहेत म्हणून गाडी आंबोलीकडे वळवणे हीच या प्रसंगातली सर्वांत मोठी चूक ठरते, कारण प्रत्येक वळणागणिक दाब कमी होतो आणि बुडबुडे वाढतात. मालवण-कुडाळकडचे गंभीर रुग्ण एरवीही बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेतात. त्या वाटेवर सह्याद्रीचा घाट नाही. डाइव्हची खोली, वेळ आणि वर आल्याची वेळ एका चिठ्ठीवर लिहून रुग्णाबरोबर द्यावी. उपचारासाठी दाबकक्ष (हवेचा दाब वाढवता येणारी खोली) लागेल का, हे त्यावरून ठरवणे सोपे जाते.

१२. कॅमेरा कोणता घ्यावा? मोबाईल पाऊचमध्ये घालून चालेल का?

मोबाईल नेऊ नये. मोबाईलमध्ये पाणी शिरत नाही हे ठरवणारी आयपी ६८ ही चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्रात नव्हे. पाऊच दाबाने पडद्याला चिकटतो आणि पडदा बोट ओळखत नाही. नव्या गोप्रोला वेगळ्या आवरणाशिवाय १० मीटरपर्यंत आणि ऑलिंपस टीजी-६ ला १५ मीटरपर्यंत परवानगी आहे, तरी दोन्हींसाठी हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरणारे कठीण आवरण, घ्यावे. आमची पसंती टीजीला आहे, कारण तो अगदी जवळून टिपतो आणि मालवणच्या पाण्यात तोच गुण कामाला येतो (प्रश्न १३). डीएसएलआरचा विचार किमान पन्नास डाइव्ह झाल्यावर करावा. कॅमेरा हातात आला की माणूस हवा पाहायला विसरतो.

१३. फोटो हिरवे आणि धूसर येतात. कॅमेऱ्यात दोष आहे का?

बहुधा नाही, दोष अंतराचा आहे. पाणी तांबडा रंग सर्वांत आधी शोषते आणि पाच-सहा मीटरवर तो जवळजवळ नाहीसा होतो. त्यात किनाऱ्याजवळच्या पाण्यात प्लवक आणि वाळूचे कण असल्याने उरलेला प्रकाशही हिरवट होतो. प्रकाशाने कापलेले आडवे अंतरही यात धरावे लागते. मासा तुमच्यापासून दोन मीटरवर असेल तर त्याचा रंग तेवढ्या पाण्यातूनही गाळला जातो. शिवाय पाण्यात वस्तू पाऊण अंतरावर असल्यासारखी भासते, म्हणून आपण पुरेसे जवळ आलो असे वाटते तेव्हाही आलेलो नसतो.

यावर उपाय जवळ जाण्याचा आहे. पाच मीटर दिसत असेल तर अर्ध्या मीटरच्या आतली चौकटच घ्यावी. बाजारात मिळणारा लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतो. आपल्या हिरव्या पाण्याला मॅजेंटा फिल्टर लागतो, आणि स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) किंवा टॉर्च वापरताना तोही काढावा लागतो. स्ट्रोब कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी ठेवल्यास प्रत्येक कण उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखे दिसते. तो बाजूला लांब आणि किंचित बाहेरच्या दिशेने वळवून ठेवावा, म्हणजे प्रकाशाची कडाच विषयावर पडते. वरून खाली फोटो घेतल्यास मासा खडकात हरवतो. त्याच्या डोळ्याच्या रेषेत किंवा त्याहून खाली जावे.

मालवणात वाइडचा, म्हणजे विस्तीर्ण दृश्य टिपण्याचा, हट्ट सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. खडकाच्या एका भेगेसमोर वीस मिनिटे थांबा. आधी काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे चौकशी करून जातात, मग भेगेतून बोटभर ब्लेनी मासळी डोके काढते, आत घेते आणि पुन्हा काढते. तिसऱ्यांदा ती बाहेरच राहते. तो क्षण तुमचा. श्वास मात्र रोखू नये. फोटो हलू नये म्हणून श्वास धरून कोणी नकळत वर सरकला, तर फुप्फुसाला इजा होण्यासाठी एक-दोन मीटरही पुरेसे असतात.

१४. हाउसिंगच्या काचेवर आतून धुके येते. कधी पाणीही शिरते. का?

धुके कोकणच्या दमट हवेमुळे येते. हाउसिंग किनाऱ्यावर बंद केले, की ती हवा आत कोंडली जाते आणि थंड पाण्यात काचेवर जमते. ते पहाटे खोलीत एसी चालू असताना बंद करावे, आत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पाण्यात उतरेपर्यंत उन्हात ठेवू नये.

पाणी शिरते ते ओ-रिंगवरच्या, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावरच्या, कचऱ्यामुळे. माझा पहिला कॅमेरा पांढऱ्या टॉवेलच्या एका धाग्याने गेला. नखाएवढा तो धागा ओ-रिंगवर आडवा पडला होता आणि चार मीटरवर काचेच्या तळाशी पाण्याची चंद्रकोर दिसू लागली, तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हापासून ओ-रिंग मी कापडाने पुसत नाही. ती बोटांनी फिरवून तपासतो, त्याच कंपनीचे ग्रीस मुगाच्या दाण्याएवढे लावतो आणि पहिल्यांदा हाउसिंग कॅमेऱ्याशिवाय बादलीत बुडवून पाहतो.

१५. परवानगी लागते का? शिंपले किंवा मेलेले प्रवाळ आणले तर?

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. ते सुमारे २९ चौरस किलोमीटरचे असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांचा परिसर त्यात येतो. कोठे उतरता येईल हे त्या दिवशी स्थानिक मार्गदर्शकामार्फत विचारून घ्यावे. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळाचा मेलेला तुकडाही उचलू नये. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवला तरी तो गुन्हाच राहतो. फोटोसाठी प्राणी हलवू नये आणि खडकाला धरून स्थिर होऊ नये. हे नैतिकतेइतकेच स्वार्थाचेही आहे, याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

१६. काटा टोचला किंवा जेलीफिश लागली तर?

लायनफिश, विंचूमासा आणि वागळी यांच्या काट्यांचे विष उष्णतेने निष्प्रभ होते. जखम सोसवेल इतक्या, साधारण ४५ अंशांच्या, गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी. बधिर झालेल्या पायाला चटका समजत नसल्याने पाण्याचा अंदाज दुसऱ्याने हात घालून घ्यावा. काटा खोल असल्यास किंवा छाती-पोटाला लागल्यास तो उपसू नये आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. जेलीफिश लागलेली जागा चोळू नये आणि गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावी.

१७. साहित्य घरी येऊन धुतले तर चालते का?

प्रश्न ९ मधला मुक्काम पाळला, तर घरी पोहोचेपर्यंत एक दिवस उलटून जातो आणि तोवर मीठ वाळून बटणांच्या खाचांत कडक झालेले असते. म्हणून त्याच संध्याकाळी हाउसिंग न उघडता लॉजच्या बादलीत गोड्या पाण्यात तासभर बुडवून ठेवावे आणि सगळी बटणे पाण्यातच वीस-पंचवीस वेळा दाबावीत. रेग्युलेटर धुताना पहिल्या टप्प्याची (सिलिंडरला जोडल्या जाणाऱ्या भागाची) टोपी घट्ट बसवलेली असावी. फिन व सूट सावलीत वाळवावेत. गच्चीवरच्या उन्हात रबर तडकते. बादली आधी विसळून घ्यावी, कारण लॉजच्या बादलीत साबण उरलेला असतो आणि तो ओ-रिंगला मानवत नाही.